पात्यावरचं पाणी

आठवडी बाजारात एक लोहार गाडीच्या कमानपाट्यातून कोयता घडवत होता. लालभडक पातं सांडशीत धरून त्यानं पाण्यात बुडवलं, तेही धारेपुरतंच. पाठ वर राहिली. बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं धार घासली आणि तो नुसता बघत बसला. पाठीतली धग धारेकडे उतरू लागली तसा उजळलेल्या लोखंडावर फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढला. जांभळा दिसताच पातं पुन्हा पाण्यात. ‘पाणी बसलं,’ तो म्हणाला. पाणीदार तलवार म्हणतात, ती याच पाण्याची.

पात्यावरची नक्षी पाहताना मला तो जांभळा पट्टा आठवतो. कारण जिला आपण शोभा म्हणतो, ती बरेचदा कामाची खूण असते.

जपानी तलवारीचंच घ्या. धारेलगत धुक्यासारखी रेघ दिसते, तिला हामोन म्हणतात. पाण्यात बुडवण्याआधी पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेवर पातळ. धार झटकन निवते आणि कठीण होते. पाठ सावकाश निवते, चिवट राहते. या दोन स्वभावांची शीव म्हणजे हामोन. पुढे कारागिरांनी मातीचा लेप नागमोडी देऊन त्या रेघेच्या लाटा केल्या. गरज आधी, हौस मागून.

तलवारीच्या अंगावरची लांब पन्हळ ‘रक्त वाहून जायला’ असते, असं सर्रास सांगितलं जातं. खरं काम साधं आहे: तिच्यामुळे पात्याचं वजन घटतं, पण त्या मानानं ताठपणा फारसा घटत नाही. कट्यारीचं टोक अनेकदा मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, तेही दिमाखासाठी नव्हे. चिलखताच्या कड्या फोडताना ते वाकू नये म्हणून.

नेपाळी खुकरीच्या मुठीजवळची खाच मात्र कथांचं माहेरघर आहे. तिला काउडी किंवा चो म्हणतात. कुणाला तिच्यात गाईचं खूर दिसतं, कुणाला शंकराचा त्रिशूळ. कुणी म्हणतं, रक्त किंवा चीक मुठीवर ओघळू नये म्हणून ती असते. हातात धरून पाहिलं की एक गोष्ट दिसते: धार तिथे संपते. म्यानात शेजारी दोन छोटी पाती असतात. कर्दा किरकोळ कापाकापीला, तर बोथट चकमक धार सारखी करायला आणि ठिणगी पाडायला. त्यांच्याबद्दल मात्र फारशा कथा नाहीत. रोजच्या वापरातल्या वस्तूला कथेची गरज पडत नाही.

सर्वांत देखणी नक्षी दक्षिण भारतातल्या मुशीत वितळवलेल्या वूट्झ पोलादाची. १७९५मध्ये जॉर्ज पिअर्सननं लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याची चिकित्सा मांडली. पुढे मायकेल फॅरेडेही त्याच्या मागे लागला. पात्यावरच्या पाण्यासारख्या लहरी म्हणजे कठीण कार्बाइडच्या कणांच्या रांगा. १९९०च्या दशकात व्हरहोव्हन आणि पेंड्रे यांनी दाखवलं, की व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी अल्प अंश असल्याशिवाय या रांगा नीट जमत नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाला लहरी पाहून पोलादाची जात ओळखता येई. नक्षी म्हणजे जणू मालाचा दाखला. आज ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक चाकूंत दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून आम्लानं उठाव दिलेला असतो. देखणं काम आहे, कष्टाचंही. पण ती नक्षी धारेची हमी देत नाही.

बाजारातला कोयता मी घरी आणला. दगडावर चार हात मारताच धारेजवळचा जांभळा रंग पुसला गेला. पाणी मात्र अजून उतरलेलं नाही.