आधी गुणाकार की आधी बेरीज? गटाच्या हिशोबातला क्रम

आज ऐकताना हाताशी कागद-पेन असू द्या. घरात साधा कॅल्क्युलेटर असेल तर तोही घ्या, आणि मोबाईल तर आहेच.

गटात १२ जणी आहेत. प्रत्येकीची महिन्याची बचत २०० रुपये. या बैठकीत उशिराचा दंड म्हणून १५० रुपये जमले. एकूण जमा किती? कागदावर असं लिहा: १५० + १२ × २००. आता हेच जसंच्या तसं दोन्ही यंत्रांवर दाबा.

मोबाईल सांगेल २,५५०. दुकानात असतो तसला साधा कॅल्क्युलेटर सांगेल ३२,४००. आकडे तेच, चिन्हं तीच, आणि उत्तरात जवळपास तीस हजारांचा फरक. एवढा मोठा फरक लगेच डोळ्यांत भरतो. पण फरक शे-दोनशेचा असला की तो वहीत तसाच राहतो, आणि पुढे कधीतरी "पैसे गेले कुठे?" असा प्रश्न उठतो. मग बोट यंत्राकडे जात नाही, वही लिहिणाऱ्या ताईकडे जातं. म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

दोन उत्तरं का आली ते पाहू. साधा कॅल्क्युलेटर जसं बटण दाबाल तसा लगेच हिशोब करत जातो. त्याने १५० आणि १२ मिळवून १६२ केले आणि त्याला २०० ने गुणलं. बहुतेक मोबाईल मात्र पूर्ण ओळ बघतात, आधी गुणाकार करतात, मग बेरीज.

बरोबर कोण? इथे मोबाईल. १५० हे रुपये आहेत आणि १२ या बायका आहेत. रुपये आणि बायका यांची बेरीज कशी होईल? १२ × २०० म्हणजे २०० रुपये बारा वेळा मिळवणं. गुणाकार हे त्या लांब बेरजेचं छोटं रूप आहे. ते आधी उलगडलं की २,४०० रुपये होतात, आणि मग रुपयांत रुपये मिळवता येतात.

शाळेत आपण यासाठी एक शब्द पाठ केला होता: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यातला 'चे' म्हणजे 'पाचशेचे निम्मे' म्हणतो त्यातला. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात अशा मांडणीला पदावली म्हणतात. सगळ्यांनी एकच क्रम पाळला तर एका ओळीचं एकच उत्तर येतं, एवढ्यासाठी हा नियम ठरवला आहे.

या शब्दात एक जागा मात्र फसवी आहे. 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून अनेक जणी बेरीज आधी उरकतात. हे उदाहरण घ्या: खात्यात २,००० होते, ५०० काढले, नंतर ३०० भरले. म्हणजे २००० − ५०० + ३००. बेरीज आधी केली तर ५०० आणि ३०० चे ८०० झाले, आणि शिल्लक दिसली १,२००. पण ३०० तर आपण भरले होते, ते काढल्यासारखे धरले गेले! खरी शिल्लक १,८००. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच. दोन्ही असतील तर डावीकडून उजवीकडे, जे आधी येईल ते आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. ६०० रुपये तिघींत वाटले, त्यातल्या दोघींचा वाटा मिळून किती? ६०० ÷ ३ × २, म्हणजे ४००.

आता दुसरी बाजू. पापडाची विक्री ९,००० रुपये, खर्च १,५००, वाटा १० जणींत. घाईत आपण लिहितो: ९००० − १५०० ÷ १०. मोबाईल म्हणेल ८,८५०. साधा कॅल्क्युलेटर म्हणेल ७५०. एकीला ८,८५० द्यायचे तर दहा जणींना ८८,५०० लागतील, आणि विक्रीच ९,००० ची आहे. म्हणजे इथे आपल्या कामाचं उत्तर साध्या कॅल्क्युलेटरने दिलं. मोबाईल चुकला का? नाही. आपण लिहिलं त्याचा अर्थच 'फक्त खर्च दहांत वाटा' असा झाला. आपल्याला नफा वाटायचा होता. तो असा लिहायचा: (९००० − १५००) ÷ १० = ७५०. जे आधी करायचं ते कंसात ठेवलं की ओळीचा अर्थ बदलत नाही.

कर्जाचं एक उदाहरण. ५,००० रुपये कर्ज, दरमहा शेकडा २ व्याज, तीन महिन्यांनी सगळं एकदम फेडायचं. ५००० + ५००० × २ ÷ १०० × ३ हे साध्या कॅल्क्युलेटरवर सलग दाबलं तर उत्तर येतं ६००! खरी रक्कम ५,३००. व्याजाचा भाग वहीत कंसात लिहा: ५००० + (५००० × २ ÷ १०० × ३). नियमाने इथे कंस लागत नाही, पण वही बघणाऱ्या प्रत्येकीला व्याज कुठलं आणि मुद्दल कुठलं ते लगेच कळतं.

साध्या कॅल्क्युलेटरवर कंस नसतो. तिथे कंसातला भाग आधी काढून कागदावर टिपा. नाहीतर 'एम प्लस' बटण वापरा. आधी 'एमआरसी' दोनदा दाबून जुनं साठवलेलं पुसा. मग १२ × २०० करून 'एम प्लस', १५० दाबून पुन्हा 'एम प्लस', शेवटी 'एमआरसी' एकदा. २,५५० येतील.

आमच्या पंचसूत्रीत नियमित हिशोब लिहिणं हे एक सूत्र आहे. त्यासाठी तीन सवयी लावू या. वहीत नुसतं उत्तर न लिहिता पूर्ण मांडणी लिहायची. जे आधी करायचं ते कंसात ठेवायचं. आणि उत्तर आलं की अंदाज घ्यायचा, एवढे पैसे पेटीत असू शकतात का? सही करण्याआधी ही मांडणी बैठकीत मोठ्याने वाचली, तर जिला लिहिता येत नाही तिलाही हिशोब तपासता येतो.

पुढच्या बैठकीसाठी एक गणित. पेटीत ५०० रुपये होते, ४० रुपयांच्या ३ वह्या आणल्या, नंतर दंडाचे ६० जमा झाले. ५०० − ३ × ४० + ६०. कुणाचं उत्तर १९,९४० आलं तर तिने डावीकडून सरळ दाबत नेलं. ३२० आलं तर तिने बेरीज वजाबाकीच्या आधी केली. ४४० आलं तर पेटी उघडून मोजा, तेवढेच निघतील.