जिना कुठून काढायचा?

आर्किटेक्चरच्या मुलांना परवडणारी घरं शिकवायची वेळ आली की मी त्यांना पुण्यातल्या येरवड्याला नेते. नेताजी नगर, शीला साळवे नगर, मदर तेरेसा नगर या झोपडवस्त्यांत. गल्लीत शिरल्यावर एखादा तरी विचारतोच, "मॅडम, प्रोजेक्ट कुठाय?" तो त्याच्यासमोरच उभा असतो. लोकांनी पूर्वीच बांधलेल्या पक्क्या घरांच्या मधेमधे अंग चोरून उभी राहिलेली दुमजली-तिमजली घरं, हाच प्रोजेक्ट.

२००५ साली केंद्रानं जेएनएनयूआरएम ही शहरांसाठीची योजना आणली. तिच्यातल्या गरिबांच्या घरांच्या निधीतून पुणे महापालिकेनं इथं वेगळी वाट धरली. वस्ती सपाट करायची नाही. फक्त पत्र्याची, कच्ची घरं उतरवायची आणि त्याच जागी २७० चौरस फुटांचं पक्कं घर द्यायचं. घरामागे खर्च साधारण ३ लाख. निम्मा केंद्राचा, उरलेल्यात राज्य आणि पालिका, शिवाय दहा टक्के कुटुंबाचे स्वतःचे.

पण घराघरात जाऊन मोजमाप कोण घेणार, शेजाऱ्यांची समजूत कोण काढणार? इथं महिला मिलन आणि स्पार्क या संस्था कामी आल्या. महिला मिलन मूळची भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची, रोजच्या चार पैशांच्या बचतीतून उभी राहिलेली. १९९९च्या सुमारास आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतल्या शौचालयांचं काम संस्थांकडे दिलं, तेव्हापासून या बायकांना पालिकेचे इंजिनिअर ओळखत होते. विश्वास बसायला शौचालयाइतकी चांगली परीक्षा नाही, असं माझं मत.

खरी कसोटी नकाशावर लागते. एखाद्याची जागा शंभर-दीडशे चौरस फूट. मग दोघातिघा शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून एकावर एक घरं बांधायची. तळमजला कुणाचा? म्हातारी सासू कुणाकडे आहे? जिना कुणाच्या दारासमोरून काढायचा? मोरी कुठल्या कोपऱ्यात? कागदावरचा प्लॅन सगळ्यांनाच वाचता येत नाही, म्हणून खऱ्या मापाचं घर कापडाचं उभं केलं गेलं. त्यात शिरून बायकांना हात फिरवून बघता येत होतं.

याउलट एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, पद्धतीत घर फुकट मिळतं, बिल्डर विक्रीच्या फ्लॅटमधून पैसे काढतो आणि रहिवाशाचा सहभाग बहुतेक वेळा संमतीपत्रावरच्या सहीवर थांबतो. पुढे लिफ्ट आणि मेंटेनन्स भरताना फुकटाचा भाव कळतो. म्हणून मला येरवड्याचा खटाटोप पटतो, मग तो कितीही संथ असो.

तरी दोन दुखणी राहतातच. घर पक्कं झालं म्हणून जमिनीचा कागद नावावर होत नाही. आणि लाभार्थ्यांच्या यादीत नाव घरमालकाचं लागतं. पोटमाळ्यावर भाड्यानं राहणारं कुटुंब, जुनं घर उतरलं की, दुसरी वस्ती शोधतं. त्याची बाजू बैठकीत मांडणार कोण? सतरंजीवर पुढे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे स्वतःचेच भाडेकरू असतात.