गाडी रेस घेते, पण पळत नाही

भाचीच्या निकाहासाठी आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. गाडी घरचीच, जुनी. मागे अम्मी आणि लेकी, स्टिअरिंगवर थोरला मुलगा. त्याला लायसन्स मिळून जेमतेम सहा महिने झाले होते. कुंभार्ली घाटाची चढण लागली आणि गाडीचा सूर बदलला. रेस दिली की इंजिन ओरडायचे, गाडी मात्र पुढे ओढत नव्हती. मग जळका वास आला. आम्ही मुलावर बरसलो, "क्लच दाबून ठेवतोस, जाळलीस ना प्लेट!" तो गप्प राहिला. अम्मी आणि लेकींना दुसऱ्या गाडीने पुढे पाठवले, आमची गाडी टोचन करून खाली आणली. निकाह काही गाठता आला नाही.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून मिस्त्रींनी झिजलेली प्लेट हातात दिली. म्हणाले, "चाचा, हे सहा महिन्यांचे काम नाही. वर्षानुवर्षे कोणीतरी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली आहे."

तो पाय आमचाच होता.

त्या दिवसानंतर आम्ही क्लच नीट समजून घेतला. इंजिनचे चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरत असते. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला त्यावर घट्ट दाबून धरते, म्हणून इंजिनची ताकद गिअरबॉक्समार्फत चाकांपर्यंत जाते. पेडल दाबले की ही पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. त्यामुळे क्लचचे मुख्य आजार दोनच आणि एकमेकांच्या उलट: पकड नीट बसत नाही, किंवा नीट सुटत नाही.

पकड बसत नसेल तर आमच्यासारखे होते. इंजिनचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. हे आधी चढणीवर किंवा भरलेल्या गाडीत जाणवते. शंका असेल तर सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा. पुढे-मागे कोणी नाही ना, ते पाहा. हँडब्रेक घट्ट ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडते. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळेल.

पकड सुटत नसेल तर गिअर पडताना त्रास होतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. बंद असताना सहज पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी लगेच गिअरबॉक्स उतरवायला सांगू नका. केबलच्या गाडीत केबल ताणली किंवा अडकली असू शकते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये तेल गळते किंवा आत हवा शिरते. तेव्हा पेडल मऊ लागते किंवा खालीच राहते. पेडलच्या मागे ओल दिसते का, टाकीतले तेल कमी झाले का, ते पाहा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची तेलटाकी एकच असते. म्हणून तेल उतरले असेल तर गाडी आधी तपासून घ्या, मगच रस्त्यावर काढा.

आवाजही बरेच सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून ऐका. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेले असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग तपासायला हवे. गाडी निघताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल आले असेल किंवा इंजिनचे माउंटिंग सैल झाले असेल. तेलाची गळती न थांबवता नवी प्लेट टाकली, तर तीही खराब होणार.

प्लेट बदलायची वेळ आलीच, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदललेले बरे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. ती दोनदा कशाला द्यायची? जुने भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी पाहा. आम्ही पाहिले, म्हणूनच खरे काय ते कळले.

मुलाची माफी मागायला आम्हाला दोन दिवस लागले. तो हसला आणि एवढेच म्हणाला, "अब्बा, आता गिअर टाकून झाला की पाय बाजूला ठेवा." चढणीवर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची आमची सवयही त्यानेच मोडली. आता हँडब्रेक ओढून थांबतो, रेस देत क्लच धरू लागला की ब्रेक सोडतो. अजूनही कधी डावा पाय नकळत पेडलवर गेला, की शेजारच्या सीटवरून तो नुसता खाली पाहतो. आम्ही मुकाट्याने पाय बाजूला घेतो.