मुलांचे घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

मूल रात्री घोरू लागले, की ‘दमलंय बिचारं, गाढ झोपलंय’ असे म्हणून घरचे निर्धास्त होतात. सर्दीतले घोरणे वेगळे. पण वजन जास्त असलेले मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल, श्वास मध्येच थांबून दचकत असेल, तोंड उघडे ठेवून घामाघूम झोपत असेल, तर तो ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टॉन्सिल वाढलेले असतील, त्यात मानेभोवती चरबी असेल, तर श्वासाची वाट अरुंद होते. रक्तातील प्राणवायू वारंवार घटतो, झोप मोडते, ताणाची संप्रेरके वाढतात. त्याने इन्सुलिनचे काम बिघडते, रक्तदाब चढू शकतो. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि वजनात आणखी भर पडते. मोठी माणसे दिवसा पेंगतात. मुले मात्र अनेकदा चिडचिडी, चंचल होतात.

आपल्याकडे सावधगिरी लवकर हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुणे परिसरातील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची होती. तरी त्वचेखालच्या चरबीतील फरक त्या मानाने कमी होता. म्हणूनच ‘गुटगुटीत’ म्हणून कौतुक करताना पोटाच्या घेराकडेही पाहावे. मानेवरचा काळपट, मखमली पट्टा घासून निघत नसेल, तर तो मळ नसून इन्सुलिन बिघडल्याची खूण असू शकते.

रत्नागिरीतील पालकांना एक गोष्ट घरीच करता येईल: मूल झोपल्यावर मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हाही घोरण्याबद्दल सांगावे. गरजेनुसार डॉक्टर रात्रभराची झोपतपासणी आणि साखर, चरबी, यकृताच्या रक्तचाचण्या सुचवतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेने बऱ्याच मुलांना आराम पडतो. लठ्ठ मुलांत त्रास उरू शकतो, म्हणून नंतरही तपासणी हवी.

सोबत वजनाकडे लक्ष हवेच. कोकणच्या पावसात मैदान बंद झाले, तरी पडवीत दोरीच्या उड्या मारता येतात. रात्रीचे जेवण लवकर उरकावे, बिस्किटे-फरसाण रोजचे नसावे आणि झोपण्याआधी तासभर मोबाइल दूर ठेवावा. हे नियम एकट्या मुलाला नव्हे, साऱ्या घराला लावले, तरच टिकतात.