गाडी मॉडिफाय केली, म्हणून वॉरंटी गेली?

एपिसोड ऐकायला वेळ नाही मिळाला? हरकत नाही, हे घ्या लिहून.

समजा, एमएच-२९ पासिंगची नवीकोरी गाडी. यवतमाळातच बाहेरून जास्त पॉवरचे हेडलाइट बसवले. आठ महिन्यांनी एसीचा कॉम्प्रेसर गेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "भाऊ, तुम्ही बाहेरून काम केलं, वॉरंटी संपली." बस्स, विषय संपला?

नाही. खरा प्रश्न असा: जे बदललं, त्याच्यामुळेच हे बिघडलं का? हेडलाइटसाठी वायर कापून जोड दिला आणि वायरिंगच जळलं, तर कंपनीचा नकार पटण्यासारखा आहे. पण हेडलाइटचा कॉम्प्रेसरशी संबंध काय, हे तिला सांगता आलं पाहिजे.

ईसीयू रिमॅपचं मात्र वेगळं. त्यात टर्बोचा दाब आणि इंधन वाढवतात. वाढलेला ताण टर्बो, क्लच, गिअरबॉक्सवर येतो. तिथं तुमची बाजू लंगडी. "परत ओरिजिनल करून नेऊ" म्हणाल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर बदलल्याची खूण मागे राहते.

आता रेसिंग. आपल्याजवळ रेसट्रॅक नाही. चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. पण वॉरंटी पुस्तिकेत बहुधा रेस, रॅली, स्पर्धा असे शब्द असतात. म्हणजे शौकापायी एक ट्रॅक डे केला, तरी कंपनी ती अट पुढे करू शकते. आणि तुमची रील? तो तुम्हीच दिलेला पुरावा! म्हणून ट्रॅकवर जायच्या आधी पुस्तिका वाचा.

नकार मिळाला तर काय करायचं?

एक, तोंडी उत्तर घेऊ नका. कोणता पार्ट, कोणती अट, काय कारण, हे जॉब कार्डवर किंवा ईमेलवर लिहून मागा.

दोन, खराब पार्टचे फोटो काढा, बिलं जपा. तपासणी होण्याआधी पार्ट भंगारात जाऊ देऊ नका.

तीन, कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार करा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चार, जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते. शोरूम नागपूरचं असलं तरी यवतमाळात केस चालते. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. गरज पडली तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.

एक लक्षात ठेवा: वॉरंटी वेगळी, आरटीओ वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही. सीएनजी किट बसवलं तरी आरसीवर नोंद लागते.

तर गाडी सजवा, पण कापाकापीआधी पुस्तिका उघडा. आणि "वॉरंटी गेली" कुणी म्हणालं, तर आधी एवढंच म्हणा: "दादा, हे लिहून द्या."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!