नायक फक्त आवाजात
नभोनाट्यात काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे विल्यम कॉनरॅडचं नाव निघालं, की त्याच्या चेहऱ्याआधी मला 'गनस्मोक'मधली त्याची शांतता आठवते. १९५२ साली सुरू झालेल्या या अमेरिकी रेडिओ मालिकेत तो कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल, मॅट डिलन होता. त्याचा मार्शल गोळी झाडून फुशारत नाही, दमतो. वाक्य संपताना आवाज खाली सोडतो आणि मग ऐकू येतात ती नुसती लाकडी फळ्यांवरची पावलं. श्वास कुठे ऐकू द्यावा आणि कुठे गिळावा, हे या माणसाकडून शिकावं.

आपण रेडिओवर साडेसात हजार भूमिका केल्या असाव्यात, असा त्याचाच अंदाज होता. त्या काळी एकच नट आज खुनी, उद्या डॉक्टर होई. संहिता हातात असल्याने पाठांतर नको. पण पान उलटल्याचं माइकला कळता कामा नये, आणि लांबून बोलतोय असं वाटायला मान किती वळवायची, हे अंगात मुरलेलं हवं.

सिनेमाने मात्र त्याचा जाडजूड देह आधी पाहिला. १९४६च्या 'द किलर्स'मध्ये सुरुवातीलाच दोन भाडोत्री मारेकरी एका छोट्या खानावळीत शिरतात. त्यांतला एक कॉनरॅड. पुढेही वाट्याला आली ती बहुतेक गुंडांची, नाहीतर दुय्यम कामं.

मला सगळ्यात लागतं ते लायनिंगनचं. मुंग्यांच्या फौजेशी झुंजणारा हा ब्राझीलमधला मळेवाला १९४८ साली 'एस्केप' या रेडिओ मालिकेत कॉनरॅडने उभा केला. ती भूक, ती ओरबाडणारी भीती निव्वळ गळ्यातून! त्याच कथेवर १९५४ साली 'द नेकेड जंगल' हा चित्रपट निघाला. लायनिंगन झाला चार्ल्टन हेस्टन. कॉनरॅडही त्यात आहे, सरकारी अंमलदाराच्या छोट्या भूमिकेत.

पुढच्याच वर्षी 'गनस्मोक' टीव्हीवर गेलं आणि मार्शलचा बिल्ला उंचापुऱ्या जेम्स आर्नेसला मिळाला. चेस्टर झालेला पार्ली बेअर, डॉक्टर झालेला हॉवर्ड मॅकनिअर, किटी झालेली जॉर्जिया एलिस, कुणालाच टीव्हीवर आपली भूमिका मिळाली नाही. आर्नेसने वीस वर्षं ती भूमिका निभावली, हे मान्यच. पण मनुष्यवधाचं ओझं कॉनरॅडच्या आवाजात जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. १९६१पर्यंत तो रेडिओवर मार्शल राहिला. म्हणजे सहा वर्षं अमेरिकेत दोन मॅट डिलन होते!

१९६३ साली 'द फ्युजिटिव्ह'साठी टीव्हीने त्याला बोलावलं, तेही निवेदनालाच. अखेर १९७१ साली 'कॅनन' आली. पन्नाशी गाठलेला, स्थूल खासगी गुप्तहेर, आणि तोच नायक! पाच वर्षं ती मालिका चालली.

तरी कुणी विचारलं, तर मी आधी रेडिओचं 'गनस्मोक'च सुचवते. त्याची पुष्कळ ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात.