घरच्या बेकिंगसाठी स्टँड मिक्सर घ्यावा का? खरेदीपूर्वी मांडावयाचा हिशेब

नवी दिल्ली : नाताळ आणि नववर्षाच्या तोंडावर घरगुती केक, कुकीज आणि पाव करण्याची लगबग वाढते आणि त्याच सुमारास अनेक घरांत एक प्रश्न निघतो : स्टँड मिक्सर विकत घ्यावा का? २०२० च्या टाळेबंदीत विरंगुळा म्हणून बेकिंग शिकलेल्या अनेकांनी पुढे ओळखीच्या मंडळींकडून केकच्या मागण्या घेण्यास सुरुवात केली. अशा घरांत हे यंत्र म्हणजे छोट्या व्यवसायातील पहिली मोठी गुंतवणूक ठरते. इतरांच्या बाबतीत मात्र तेच यंत्र चार वेळा वापरून माळ्यावर जाण्याची शक्यता असते. त्यामुळे खरेदीपूर्वी यंत्र नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजून घेणे हिताचे आहे.

नाव एक, यंत्रे दोन

भारतीय घरात ‘मिक्सर’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते चटणी आणि मसाले वाटण्याचे यंत्र. अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ मध्ये ‘सुमीत’ या नावाने भारतीय वाटणाला पेलेल असा मिक्सर-ग्राइंडर आणला आणि पाटा-वरवंट्याचे काम त्याकडे गेले. त्याची धारदार पाती वेगाने फिरून पदार्थ कापतात. केकच्या मिश्रणात हवा भरणे किंवा पावाचे पीठ ताणत मळणे हे त्याचे काम नव्हे.

स्टँड मिक्सरची कुळकथा निराळी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात हॉबर्ट कंपनीचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी १९०८ मध्ये एका बेकरीत कामगाराला लोखंडी पळीने पीठ घुसळताना पाहिले आणि त्यातून यांत्रिक मिश्रकाची कल्पना पुढे आली. १९१९ मध्ये ‘किचनएड’ या नावाने त्याची घरगुती आवृत्ती विक्रीस आली. तिचे वजन जवळपास तीस किलो, तर किंमत १८९ डॉलर ५० सेंट होती. आजही बहुतेक स्टँड मिक्सरमध्ये त्याच तत्त्वावर काम चालते. भांडे स्थिर राहते. त्यातील अवजार स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी उलट दिशेने भांड्याभोवती प्रदक्षिणा घालते. ग्रहांच्या गतीशी असलेल्या या साम्यामुळे तिला ‘प्लॅनेटरी’ गती म्हणतात.

फेसणे, फेटणे, मळणे

यंत्रासोबत साधारणतः तीन अवजारे मिळतात आणि ती मराठी स्वयंपाकघरातील तीन ओळखीच्या क्रियांशी जुळतात. चपटे पाते लोणी आणि साखर फेसते, तारांचा फुगा अंडी किंवा क्रीम फेटतो, तर आकडा पीठ मळतो. निर्णय घेताना यांपैकी कोणती क्रिया घरात वारंवार होते, हे पाहणे आवश्यक आहे.

नानकटाई करताना परातीत तूप आणि साखर तळहाताने हलकी होईपर्यंत फेसण्याची रीत अनेक घरांना ठाऊक आहे. त्यामागील कारण शास्त्रीय आहे. साखरेचे कण स्निग्ध पदार्थात घुसतात आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकवतात. बेकिंग पावडरमधून निघणारा वायू नवे बुडबुडे निर्माण करत नाही. आधीच अडकलेले बुडबुडे तो फुगवतो. म्हणून फेसण्यात झालेली कसर पुढे भरून निघत नाही. मात्र लोणी साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानास असतानाच हवा नीट धरते. मुंबई, चेन्नई किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात ते पातळ झाले असेल, तर कितीही महागडे यंत्र उपयोगी पडत नाही. त्यावर भांडे काही वेळ थंड करणे हाच उपाय आहे.

फेटण्याच्या कामासाठी स्टँड मिक्सर अनिवार्य नाही. एका केकपुरती क्रीम किंवा चार अंड्यांचा स्पंज हातात धरावयाच्या विजेच्या मिक्सरवर उत्तम होतो. दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून केल्या जाणाऱ्या अंड्याविना केकला तर यंत्राची गरज त्याहून कमी. मैदा घातल्यावर ते मिश्रण जास्त घोटले, तर ग्लुटेनचे धागे बळावतात आणि केक चिवट होतो. तेथे साधे व्हिस्क पुरते आणि मैद्याच्या गुठळ्या मोडताच थांबणे चांगले.

यंत्राचा खरा कस लागतो तो मळण्यात. पावाचे पीठ हाताने दहा-पंधरा मिनिटे मळावे लागते, तेव्हा ग्लुटेनचे जाळे तयार होते. पिठाचा लहान गोळा बोटांनी ताणून पाहिल्यावर तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला, तर मळणी पुरी झाली असे समजतात. संधिवात, मनगटाचे दुखणे किंवा वाढते वय यांमुळे ज्यांना हे श्रम झेपत नाहीत, त्यांच्यासाठी यंत्र घेण्यास हे एकच कारणही पुरेसे ठरू शकते.

मात्र मळणीलाही पर्याय आहेत. अनेक घरांतील फूड प्रोसेसरमध्ये कणीक मळण्याची सोय असते आणि थोडे पीठ त्यात काही मिनिटांत मळून होते. न मळता पाव करण्याची पद्धतही प्रचलित आहे. सैल भिजवलेले पीठ अगदी थोड्या यीस्टसह बारा ते अठरा तास ठेवल्यास ग्लुटेनचे जाळे आपोआप विणले जाते. न्यूयॉर्कमधील बेकर जिम लेही यांची ही कृती २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर जगभर पोहोचली. तिला लागतो तो केवळ वेळ.

वॉटच्या आकड्यापलीकडे

जाहिरातींत १००० किंवा १२०० वॉट हे आकडे ठळकपणे छापलेले असतात. हा आकडा यंत्र किती वीज घेते ते सांगतो. अवजाराला किती जोर मिळतो ते सांगत नाही. तो जोर मोटार आणि गिअर यांच्या रचनेवर अवलंबून असतो. त्यामुळे कमी वॉटचे दणकट यंत्र अधिक वॉटच्या हलक्या यंत्रापेक्षा घट्ट पीठ चांगले मळू शकते.

माहितीपुस्तिकेतील तीन बाबी अधिक उपयोगी पडतात. एका वेळी किती पीठ मळता येते, सलग किती मिनिटे यंत्र चालवता येते आणि मळताना कोणता वेग ओलांडू नये. भांडे पाच लिटरचे असले, तरी त्यात काठोकाठ पीठ मळता येते असा त्याचा अर्थ नाही. पोळीची घट्ट कणीक पावाच्या सैल पिठापेक्षा मोटारीवर अधिक ताण आणते, हेही ध्यानात घ्यावे. उलट मोठ्या भांड्यात एकाच अंड्याचा पांढरा भाग फेटू गेल्यास तारा त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. यांत्रिक मळणीत घर्षणाने पीठ तापते. म्हणून उन्हाळ्यात थंड पाणी वापरणे इष्ट ठरते.

जागेचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. यंत्र ओट्यावर कायम राहणार असेल, तरच ते नियमित वापरले जाते. वरच्या बाजूने उघडणारे डोके भिंतीवरील कपाटाला अडते का, हे दुकानात जाण्यापूर्वीच मोजून पाहावे. शहरात सेवा केंद्र आहे का आणि गिअरसारखे झिजणारे सुटे भाग मिळतात का, याचीही चौकशी आवश्यक आहे.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून असे यंत्र आणण्याचा मोह अनेक कुटुंबांना होतो. तेथील घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्टचा, तर भारतातील २३० व्होल्टचा आहे. तेथील यंत्र येथे थेट जोडल्यास जळण्याचा धोका असतो. ते चालवण्यासाठी व्होल्टेज कमी करणारा, पुरेशा क्षमतेचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय तेथील हमी येथे लागू होईलच असे नाही.

किंमत प्रत्येक वापराची

उदाहरणादाखल १२ हजार रुपयांचे यंत्र पाच वर्षे टिकेल असे धरू. महिन्यातून एकदा बेकिंग करणाऱ्या घरात ते साठ वेळा वापरले जाईल. म्हणजे प्रत्येक वापराला २०० रुपये पडले. आठवड्यातून तीनदा वापरणाऱ्या घरात हीच संख्या ७८० होते आणि खर्च सुमारे १५ रुपयांवर येतो. विजेचा भार तुलनेने किरकोळ आहे. १००० वॉटचे यंत्र पूर्ण क्षमतेने अर्धा तास चालले, तरी अर्धे युनिट वीज लागते.

केक विकणाऱ्यांनी या हिशेबात वेळेची भर घालावी. यंत्र पीठ मळत असताना हात मोकळे राहतात आणि तेवढ्यात साचे लावणे, सजावटीची तयारी करणे शक्य होते. मात्र अडचण ओव्हनची असेल, म्हणजे एका वेळी एकच केक भाजला जात असेल, तर मिश्रण लवकर तयार होऊनही मागण्या अधिक घेता येणार नाहीत. अशा स्थितीत पैसे आधी ओव्हनवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यानुसार नोंदणी किंवा परवानाही घ्यावा लागतो. तो खर्च आणि ती प्रक्रिया यंत्राआधी विचारात घ्यावी.

निर्णय होत नसेल, तर एक साधी पद्धत उपयोगी पडू शकते. दोन महिने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर प्रत्येक बेकिंगची नोंद ठेवावी : काय केले, पीठ किती होते आणि हात कुठे थकले. नोंदी केवळ वाढदिवसांच्या असतील, तर हातातील विजेचा मिक्सर पुरेसा आहे. दर आठवड्याला पाव, लोणी-साखरेचे केक किंवा एकाहून अधिक मागण्या दिसत असतील आणि थकव्याची नोंद पुन्हा पुन्हा येत असेल, तर स्टँड मिक्सरवरील खर्च वाया जाणार नाही.